नाणेफेकीआधीचा पाऊण तास

क्रिकेटच्या नियमांमध्ये पंचांविषयीचा नियम दुसऱ्या क्रमांकावर आहे. दिवसाचा खेळ सुरू होण्याच्या निदान ४५ मिनिटं आधी दोन्ही पंचांनी मैदानावर हजर व्हायचं आणि मैदानाच्या व्यवस्थापनाला आपली हजेरी कळवायची, असं तो सांगतो. तेराव्या नियमात नाणेफेकीची वेळ बांधून दिली आहे : खेळाआधी तीस मिनिटांपेक्षा लवकर नाही आणि पंधरा मिनिटांपेक्षा उशिरा नाही. हे दोन नियम शेजारी ठेवले की लक्षात येतं, हजेरी आणि नाणेफेक यांच्यामध्ये निदान पंधरा मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवलेली आहेत. प्रेक्षक तेव्हा आलेले नसतात, खेळाडू अंग मोकळं करत असतात, आयोजक चहाची सोय पाहत असतात. पंचांचं सर्वांत महत्त्वाचं काम मात्र याच वेळात होतं, असं मला ठामपणे वाटतं. बाद की नाबाद हा निर्णय सगळ्यांना दिसतो म्हणून आपण पंचाची पारख त्यावरून करतो. पण त्या निर्णयाला मान मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी पहिला चेंडू पडण्याआधीच ठरलेलं असतं.

ठाण्याचं सेंट्रल मैदान, कल्याणचं सुभाष मैदान किंवा फडके मैदान, डोंबिवलीचं भागशाळा मैदान अशी ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवली तर हे काम किती आणि कसं असतं ते कळतं. ही शहरातली सार्वजनिक मैदानं. इथे क्रिकेटखेरीजही पुष्कळ काही होत असतं, आणि मंडपाचे बांबू उपटल्यावर राहिलेले खड्डे कुठल्याही नियमपुस्तिकेत नसतात. पंचाने आधी खेळपट्टी पाहायची. दोन्ही बाजूंच्या मधल्या स्टंपांमधलं अंतर २०.१२ मीटर हवं. तिन्ही स्टंप मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर, उंची ७१.१२ सेंटिमीटर. बेल्स स्टंपांच्या वर १.२७ सेंटिमीटरपेक्षा जास्त उठता कामा नयेत. फलंदाजाची क्रीज स्टंपांच्या पुढे १.२२ मीटरवर, आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या रेषा मधल्या स्टंपापासून १.३२ मीटरवर. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात, पण खेळातले निम्मे वाद यांच्याच आधाराने सुटतात. क्रीजची रेषा चार बोटं पुढे पडली तर गोलंदाजाचे नोबॉल कमी होतात, फलंदाज धावबाद होण्यापासून वाचतो आणि यष्टिरक्षकाची यष्टिचीतची संधी हुकते. फक्कीची एक तिरकी रेघ दिवसभर कुणाला ना कुणाला दान देत राहते, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

चटईची खेळपट्टी असेल तर काम आणखी नाजूक. या पट्ट्यात चटईवरचं क्रिकेट काही दुय्यम नाही. अजिंक्य रहाणेने डोंबिवलीत लहानपणी पहिले धडे गिरवले ते चटईच्याच खेळपट्टीवर. नियमही चटई मान्य करतात. कृत्रिम किंवा चटईच्या खेळपट्टीची लांबी निदान १७.६८ मीटर आणि रुंदी निदान १.८३ मीटर हवी, असं सहाव्या नियमात म्हटलं आहे. पण चटई खिळ्यांनी ताणून बसवलेली असते आणि तिच्यावर रंगवलेली क्रीज तिच्याबरोबर सरकते. स्टंप जमिनीत रोवलेले, रेषा चटईवर. चटई सैल झाली की दोघांमधलं अंतर बदलतं. म्हणून जाणकार पंच आधी चटईचे खिळे पायाने दाबून पाहतो, कडा उचलली गेली आहे का ते बघतो, आणि मगच स्टंपांपासून क्रीजपर्यंत टेप धरतो. हा क्रम उलटा झाला तर मोजमाप बरोबर येऊनही अर्ध्या तासात चुकीचं ठरतं.

नंतर येते सीमारेषा, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. एकोणिसाव्या नियमानुसार सीमारेषा कुठे असेल हे पंचांनी नाणेफेकीआधी ठरवायचं आणि ती सामना संपेपर्यंत बदलायची नाही. मैदानाच्या आत एखादं झाड, खांब किंवा अन्य अडथळा असेल, तर त्याला चेंडू लागल्यावर तो सीमापार धरायचा की नाही, हेही नाणेफेकीआधीच सांगायचं. आधी सांगितलं नसेल तर तो अडथळा सीमा मानला जात नाही. इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानावर सीमारेषेच्या आत लिंडनचं एक जुनं झाड होतं. त्याला चेंडू लागला की चार धावा, हे तिथे ठरूनच गेलेलं होतं. २००५च्या जानेवारीत वादळी वाऱ्याने ते झाड मोडलं, पण त्यावरून सामन्यात भांडणं झाल्याची ख्याती काही त्या मैदानाला नाही. आपल्याकडे असं एकच नामांकित झाड नाही. पण विजेचा खांब आहे, शेजारच्या सोसायटीची भिंत आहे, सभेसाठी उभारून ठेवलेला अर्धा मंडप आहे आणि शेजारी त्याच वेळी चाललेला दुसरा सामनाही आहे. टेनिस चेंडूच्या स्पर्धांमध्ये ‘भिंतीला लागला तर दोन, पलीकडे गेला तर सहा’ अशी बोली आधी होते ती याचसाठी.

हे सगळं नाणेफेकीच्या आधीच का? नियम करणाऱ्यांनी हा शब्द इतक्या ठिकाणी उगाच पेरलेला नाही. नाणं उडेपर्यंत कोण आधी खेळणार, कोणत्या संघाला छोट्या सीमारेषेच्या बाजूने फटके मारायला मिळणार, शेवटच्या षटकात खांबाच्या दिशेने चेंडू कोण मारणार, यातलं काहीच कुणाला माहीत नसतं. त्यामुळे खांबाला लागल्यावर चार द्यायचे की चेंडू जिवंत धरायचा, या प्रश्नावर दोन्ही कर्णधार न्यायाने विचार करू शकतात. शेताच्या वाटणीत थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी वाटा उचलायचा, ही जुनी रीत याच समजुतीवर उभी आहे. वाटे पाडणाऱ्याला आपल्या पदरी कोणता येणार हे ठाऊक नसलं, की तो सारखेच पाडतो. हाच प्रश्न विसाव्या षटकात, सहा चेंडूंत नऊ धावा हव्या असताना उपस्थित झाला, तर जगातला कितीही सज्जन पंच असो, त्याचा निर्णय एका संघाच्या बाजूने आणि दुसऱ्याच्या विरुद्ध दिसणारच. निर्णय तोच असेल, शब्दही तेच असतील, फक्त वेळ बदललेली असेल. पंचाची निःपक्षता हा त्याच्या स्वभावाचा गुण आहे असं आपण मानतो. तो आहेच, पण ती त्याहून जास्त वेळापत्रकाची बाब आहे.

बेसबॉलमध्ये हीच गोष्ट जवळजवळ विधीसारखी पार पाडली जाते. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आपल्या शालेय क्रीडास्पर्धांमध्ये आहेत, त्यामुळे ही पद्धत इथल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना अगदी परकी नाही. सामना सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी पंच होम प्लेटपाशी येतात आणि दोन्ही संघांचे व्यवस्थापक त्यांना तिथे भेटतात. यजमान संघ आपल्या फलंदाजीच्या क्रमाचा कागद आधी देतो, मग पाहुणा संघ आपला. यातली एक तरतूद मला विशेष अर्थपूर्ण वाटते. पावसामुळे सामना सुरू करायचा की नाही, हे सामन्याआधी यजमान संघ ठरवतो. पण त्याचा कागद मुख्य पंचाच्या हाती पडला की त्या क्षणापासून मैदानाचा ताबा पंचांकडे जातो, आणि खेळ थांबवण्याचा किंवा पुन्हा सुरू करण्याचा अधिकार फक्त त्यांचा राहतो. सत्ता कोणत्या क्षणी कुणाकडून कुणाकडे गेली, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. त्याच भेटीत त्या मैदानापुरते खास नियम यजमान मांडतो. पाहुण्या संघाला ते पटले नाहीत तर मुख्य पंच स्वतः नियम ठरवून देतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर बाहेरच्या भिंतीवर वेल चढलेली आहे. चेंडू तिच्यात अडकला तर फलंदाजाला दोन बेस मिळतात, हे तिथे सर्वज्ञात आहे. चेंडूंचंही तसंच. नवा बेसबॉल गुळगुळीत आणि चकचकीत असतो, आणि त्याची चकाकी घालवूनच तो खेळात यायला हवा असा नियम आहे. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये १९३०च्या दशकाअखेरपासून त्यासाठी डेलावेअर नदीच्या एका उपनदीतला खास चिखल चोळला जातो. चेंडू हातातून निसटला तर तो फलंदाजाच्या डोक्यावर बसू शकतो. १९२०मध्ये रे चॅपमन या खेळाडूचा चेंडू डोक्याला लागून मृत्यू झाला होता. तेव्हा चेंडू हाताला नीट धरता येणं हा तिथे जिवाचा प्रश्न मानला जातो. सॉफ्टबॉलच्या पंचाला तर अंतरावरच आधी डोळा ठेवावा लागतो, कारण बेसबॉलच्या दोन बेसमधलं अंतर २७.४३ मीटर आणि सॉफ्टबॉलचं १८.२९ मीटर. एकाच मैदानावर दोन्ही खेळ होत असतील तर आदल्या दिवशीच्या आखणीचे ठसे दिशाभूल करू शकतात.

संघाच्या यादीबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्या स्थानिक स्पर्धांत खरी वादावादी तिच्यावरून होते. पहिल्या नियमाप्रमाणे कर्णधाराने आपल्या खेळाडूंची नावं लेखी स्वरूपात नाणेफेकीआधी पंचांकडे द्यायची, आणि त्यानंतर प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या संमतीशिवाय बदल करायचा नाही. कल्याण-डोंबिवली, दिवा आणि भिवंडीकडच्या गावांत टेनिस चेंडूच्या स्पर्धा मोठ्या ईर्ष्येने होतात, बक्षिसंही घसघशीत असतात, आणि एखादा नावाजलेला फटकेबाज ऐन वेळी बाहेरगावच्या संघाकडून मैदानात उतरतो. तो उतरल्यावर आक्षेप घ्यायचा म्हणजे प्रेक्षकांच्या गलक्यात, ढोलाच्या आवाजात आणि आयोजकांच्या आग्रहात घ्यायचा. हाच आक्षेप सकाळी यादी हातात असताना घेतला गेला तर तो दोन मिनिटांत निकालात निघतो. नाणेफेकीसाठीही पंचांची देखरेख आवश्यक धरली आहे, आणि तेही केवळ शिष्टाचार म्हणून नाही. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाणेफेक दोनदा करावी लागली, कारण प्रेक्षकांच्या आवाजात श्रीलंकेचा कर्णधार संगकाराने काय म्हटलं ते सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकू आलं नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यातही एक शब्द ऐकू न आल्याने सुरुवात परत करावी लागते, आणि ती परत करता आली हे फार मोठं भाग्य, कारण अजून एकही चेंडू पडलेला नव्हता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अनुभवी खेळाडूंचा असतो : हे सगळं सगळ्यांना ठाऊकच आहे, पंच मैदानभर टेप घेऊन फिरतो तो देखावा आहे. काही वेळा तसं होतंही. टेप धरायचा म्हणून धरला आणि आकडा न वाचताच गुंडाळला, तर तो देखावाच. पण माहीत असणं आणि पाहिलेलं असणं यांतलं अंतर किती महाग पडू शकतं ते २००९च्या फेब्रुवारीत अँटिग्वामध्ये दिसलं. वेस्ट इंडिज आणि इंग्लंड यांच्यातली कसोटी अवघ्या दहा चेंडूंनंतर रद्द झाली, कारण मैदानातली वाळू इतकी भुसभुशीत होती की गोलंदाजाला धावत येऊन पाय रोवताच येईना. खेळपट्टी ठीक होती, गोलंदाजाच्या धावमार्गाने दगा दिला. तेव्हा मैदानाची तपासणी म्हणजे मधले बावीस यार्ड पाहणं नव्हे. गोलंदाज जिथून धावत येतो ती जागा, क्षेत्ररक्षक जिथे सूर मारतो ती कड आणि सीमारेषेपलीकडची दोन पावलंही पाहावी लागतात. आपल्या मैदानांवर मंडपाचे खड्डे, पुरलेल्या दोऱ्या आणि काचेचे तुकडे नेमके तिथेच सापडतात.

मुंबई परिसरातल्या पंचाला पावसाचं आणखी एक शिक्षण मिळतं. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८पासून होणारी कांगा लीग पावसाळ्यात खेळली जाते, आणि ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर खेळणं हेच तिचं वैशिष्ट्य. ‘पाऊस पडून गेला आहे’ एवढ्यावर खेळ नाकारायचा नसतो, हे दुसऱ्या नियमातही स्पष्ट आहे : गवत आणि चेंडू ओले आहेत एवढ्याने मैदान खेळण्यास अयोग्य ठरत नाही. गोलंदाजाचा पाय ठरेनासा झाला, क्षेत्ररक्षकांना मोकळं हलता येईना, फलंदाजाला फटका मारता किंवा धावता येईना, तर ते अयोग्य. ही कसोटी पंचाने स्वतःच्या पायाने लावायची असते, म्हणून तो मैदानावर फिरतो, टाच रुतवून पाहतो. हे तो सामन्याआधी करतो तेव्हा दोन्ही कर्णधार शेजारी उभे असतात आणि कुणाचीही धावसंख्या फलकावर नसते. हाच निर्णय नंतर करायचा झाला तर एका संघाला खेळ हवा असतो आणि दुसऱ्याला नको असतो. वारा फार असेल तर बेल्स न लावता खेळण्याची मुभा आठव्या नियमात आहे, पण एका टोकाला नाहीत तर दोन्ही टोकांना नाहीत, अशी अट घालूनच. एवढ्या बारीक जागीही नियम करणाऱ्यांनी समतोल जपला आहे.

पंच कोण असावेत हा प्रश्नही याच हिशेबात येतो, आणि इथे ठाण्याला सांगण्यासारखं एक नाव आहे. पिलू रिपोर्टर हे वीज मंडळात नोकरी करत पंचगिरी करणारे गृहस्थ. १९८४ ते १९९४ या काळात त्यांनी १४ कसोटी आणि २२ एकदिवसीय सामन्यांत पंच म्हणून काम केलं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये ठाण्यात त्यांचं निधन झालं. त्या काळात यजमान देशाचेच पंच उभे राहायचे आणि पराभूत पाहुणे बहुधा त्यांच्याकडेच बोट दाखवायचे. नोव्हेंबर १९८६मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्या कसोटीत रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी असे दोन भारतीय पंच उभे राहिले. आधुनिक काळात तटस्थ पंचांनी चालवलेली ती पहिली कसोटी. पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान तटस्थ पंचांचा कट्टर पुरस्कर्ता होता. सामन्याचं काय झालं? वेस्ट इंडिजने २१८ धावा केल्या, पाकिस्तानचे डाव १३१ आणि ७७ धावांत आटोपले, यजमान डावाने हरले. स्वतःहून तटस्थ पंच बोलावून घरच्या मैदानावर असा पराभव पदरी आला, पण पंचांच्या निःपक्षतेवर संशय घ्यायला जागा राहिली नाही. पंच कोण असतील हे आधी ठरलं होतं, निकाल नंतर लागला. पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १९९४पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२पासून दोन्ही पंच तटस्थ ठेवण्याची पद्धत घेतली. आपल्या गावपातळीवरच्या स्पर्धेत आयोजक मंडळाचाच संघ खेळत असतो आणि पंच त्याच मंडळाचा कार्यकर्ता असतो. तिथे लाहोरचा हा धडा शब्दशः लागू पडतो. निदान यजमान मंडळाच्या सामन्याला तरी पंच बाहेरचे असावेत आणि त्यांची नावं आधी जाहीर व्हावीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आधी ठरवलेला नियमच वाईट असला तर? २०१९च्या विश्वचषकाचा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना हे त्याचं ढळढळीत उदाहरण. सामना बरोबरीत, सुपर ओव्हर १५-१५ अशी बरोबरीत, आणि जास्त चौकार-षटकार मारले म्हणून इंग्लंड विजेता. त्या हिशेबाने इंग्लंडचे २६ आणि न्यूझीलंडचे १७. नियम अन्यायाचा होता असं माझंही मत आहे, आणि पुढच्याच काही महिन्यांत आंतरराष्ट्रीय परिषदेने तो बदलला. पण त्या संध्याकाळी मैदानावर पंचांनी ‘हा नियम बरोबर वाटत नाही, आणखी एक सुपर ओव्हर खेळू’ असं म्हटलं असतं तर? तो बदल कितीही शहाणपणाचा असला तरी तो न्यूझीलंडला दिलेली भेट ठरला असता. वाईट नियम आधी ठरलेला होता म्हणून दोन्ही संघांनी तो गिळला, आणि तो बदलण्याची वेळ पुढच्या स्पर्धेआधीची होती. याचा अर्थ आधी ठरवलेलं सगळं योग्यच असतं असा नाही. उलट, नाणेफेकीआधीच्या चर्चेत पंचाने हात राखून वागू नये. शंकास्पद नियम तिथेच चर्चेला घ्यावा, कर्णधारांकडून त्यावर वाद घालून घ्यावा, कारण वाद घालण्याची न्याय्य वेळ तेवढीच असते.

तिसरा आक्षेप कॅमेऱ्याचा. आता गावच्या स्पर्धांचंही थेट प्रक्षेपण होतं, हजारो लोक मोबाइलवर पाहतात, तिसरा पंच ठेवण्याची हौसही आली आहे. मग आधीच्या तपासणीचं एवढं काय? पण कॅमेरा पाय रेषेच्या पुढे पडला का ते सांगतो, रेषा योग्य जागी आहे का ते सांगत नाही. रेषा पुढे आखलेली असेल तर कॅमेरा चुकीचा निर्णय फार अचूकपणे देईल, आणि तो अचूक दिसल्यामुळे कुणी शंकाही घेणार नाही. दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात २०२४च्या मार्चमध्ये टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमिअर लीग झाली. तिथे झगमगाट होता, कॅमेरे होते, आणि नाणेफेकीच्या जागी गल्लीतली टिप-टॉपची रीतही आणली होती. गल्लीतली रीत स्टेडियमवर आली याचा आनंदच आहे. मात्र टेप चढवलेल्या चेंडूचं षटक, वेगळ्या धावा, आव्हानाचं षटक अशा गोष्टी वाढल्या की आधीची बैठक लांबतच जाणार, कमी होणार नाही. नियम जितके नवे, तितकं आधी सांगायचं काम जास्त.

चौथा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. रविवारी दिवसभरात आठ-दहा सामने उरकायचे, अंधार पडण्याआधी अंतिम सामना लावायचा, मग प्रत्येक वेळी पाऊण तास कुठून आणायचा? याचं उत्तर कबड्डीकडे आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मैदानांवर कबड्डीचे सामने एकामागून एक लागतात आणि तरी खेळाआधीची तपासणी चुकत नाही. सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक आपापलं काम वाटून घेतात. नखं काढलेली आहेत का, अंगाला तेल लावलेलं नाही ना, गळ्यात किंवा हातात दागिना नाही ना, हे एका रांगेत उभं करून पाहिलं जातं. वरिष्ठ पुरुषांसाठी ८५ किलो आणि महिलांसाठी ७५ किलो ही वजनाची मर्यादा स्पर्धेच्या सुरुवातीलाच तपासून घेतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. ही आखणी एकदा पक्की केली की पुढच्या सामन्यात फक्त पुसट झालेली रेघ पाहायची. जे सामन्यागणिक बदलतं ते सामन्याआधी तपासायचं, जे बदलत नाही ते दिवसाच्या सुरुवातीला. दिवसभराच्या टेनिस क्रिकेट स्पर्धेतही हेच करता येतं : सकाळी मैदान, सीमारेषा, अडथळे आणि चेंडूचा प्रकार एकदाच ठरवून सगळ्या कर्णधारांना एकत्र बोलावून वाचून दाखवायचं, आणि प्रत्येक सामन्याआधी फक्त यादी, स्टंप, चटई आणि घड्याळ. घड्याळ म्हटलं की काहींना हसू येतं, पण कोणतं घड्याळ प्रमाण मानायचं हे आधी ठरवण्याची तरतूद नियमांत आहे, आणि संध्याकाळी साडेसहाला ‘एक षटक राहिलं की दोन’ या वादात तिची किंमत कळते.

चेंडूबद्दलही दोन शब्द. चामड्याच्या चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असं नियमात दिलेलं आहे. टेनिस चेंडूला असा कायदा नाही, म्हणून तिथे पंचाने जास्त बोलायला हवं : चेंडू कोणत्या कंपनीचा, डावाला किती, फाटला तर किती जुना मिळेल, गटारात किंवा गच्चीवर गेला तर धावा किती आणि चेंडू कोण आणणार. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण नव्या चेंडूने शेवटचं षटक टाकायचं की जुन्याने, यावर सामने फिरतात.

या कामाला वेळ लागतो आणि वेळेला मोबदला लागतो. पंचाचं मानधन नुसतं सामन्यांच्या संख्येवर ठरवलं, तर सकाळचा तो अर्धा-पाऊण तास फुकटचा धरला जातो, आणि फुकटचं काम आधी उडतं. कल्याण-डोंबिवलीतल्या आयोजकांनी दिवसाच्या मानधनात तो वेळ वेगळा धरावा, मैदानाचा एक साधा आराखडा कागदावर काढून त्यावर खांब, भिंत आणि सीमारेषा दाखवाव्यात, आणि खाली दोन्ही कर्णधारांच्या आणि दोन्ही पंचांच्या सह्या घ्याव्यात. गुणलेखकाकडे त्याची एक प्रत राहिली की विसाव्या षटकात प्रश्न आला तर पंचाला आवाज चढवायची गरज पडणार नाही. तो गुणलेखकाच्या टेबलापर्यंत चालत जाईल आणि सकाळी सगळ्यांनी मान्य केलेली ओळ वाचून दाखवेल.